चव

संग्रहालयात पेन चालत नाही.
दारातच काढून घेतात आणि देतात
टोक केलेली शिसपेन्सिल, पाच कोरे कागद.
शुक्रवार. बाहेर मुहर्रकच्या गल्लीत
एसीचं पाणी ठिबकतंय, खाली मांजर.

बुदूर बाई म्हणाल्या, एक वस्तू निवडा.
हात लावायचा नाही. वीस मिनिटं.
ज्याची त्याची भाषा.

पाणबुड्यांचा नाकचिमटा लगेच गेला,
तिघं त्याच्यापुढे मांडी घालून बसले.
पायाला बांधायचा दगड मारिसेलनं घेतला,
ती डायलिसिसची नर्स.
बोटांच्या चामडी टोप्या वायरमन सुगुणनला.
माझ्या वाट्याला उरला व्यापाऱ्याचा काटा:
तळहाताएवढा, मसुराएवढी वजनं, लाल फडकं.

बरं झालं. मीही काट्यावरच बसतो,
हिद्दच्या बंदराबाहेर, बावीस वर्षं.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजा जाता निव्वळ.
पहिली दहा मिनिटं मी तेच लिहिलं.

मग वाकून पाटी वाचली.
मोत्याच्या मापाचं नाव अरबीत, खाली इंग्रजीत.
दोनदा वाचलं तेव्हा ओळख पटली,
अहो, ही तर आपली चव!
माझे चुलत आजोबा मुंबईत मोत्यांच्या पेढीवर कारकून.
त्यांच्या वहीत एक रकाना होता, 'चव'.
मला वाटायचं, मोती चाखून घेतात.
म्हणून एकदा आईच्या नथीतला चाखला.
काही लागलं नाही. जरा साबण.

वाचून दाखवायची वेळ आली.
"बिफलकर," बाईंनी हाक मारली. व त्यांना जमत नाही.
मी मराठीत वाचत गेलो, सगळे माना डोलावत
काहीच न कळलेले.
शेवटच्या शब्दाला मारिसेल फस्सकन हसली: साबोन!
कोपऱ्यातून बू जासिम: साबून!
तेवढा एक शब्द सगळ्यांच्या घरचा निघाला.

बू जासिमचा कागद कोरा.
आजोबा पाणबुडे होते, एवढंच सांगितलं,
आणि कर्ज वडलांनी फेडलं.
मग आमच्या जुन्या बाजारी हिंदीत मला विचारलं,
तुमारा काटा कितना किलो तक झूठ बोलता?
वीस, मी म्हटलं. वीसच्या आतलं त्याला दिसत नाही.
म्हातारा काचेला नाक लावून त्या वजनांकडे बघत राहिला.
ये छोटावाला, म्हणाला, जास्ती झूठ बोला.
हमारा पूरा घर उसके अंदर बैठ गया.

पेन्सिली मोजून परत घेतल्या.
एक कमी भरली.

शनिवारी पहिला ट्रक खडीचा.
ड्रायव्हर जरनैल, रोजचाच, स्टिअरिंगवर डोकं टेकून.
का कोण जाणे, म्हटलं, जरा खाली उतर.
आकडा ऐंशी किलोनं उतरला.
तो खाली उभा, चप्पल एका पायात,
मी काय चूक काढतोय ते बघत.

रिकामा परत येईल तेव्हाही हा आत बसलेला असणार.
भरलेल्यात धरलेला, रिकाम्यात धरलेला.
निव्वळात
मी त्याला आजवर एकदाही लिहिलेलं नाही.