स्तर चार

सहा वाजता ओळंबा हलत नाही.
घोड नदीवरून वारा यायचा असतो अजून.
मी चारी खुंट्यांची दोरी ताणून पाहते,
पाच बाय पाचचा चौकोन.
रात्रीतून एक घूस येऊन गेलीय कोपऱ्यातून.
तिचा ढिगारा आधी वेगळा काढायचा:
पेशवाई आणि ताम्रपाषाण
तिने एकाच मुठीत कालवलेत.

शिरूरहून जीप येते तोवर
ठकूबाई खाली उतरलेली असते,
पदर खोचून, घरचं खुरपं घेऊन.
आमची करणी तिला पटत नाही.
"ह्यो चमचा हाय," म्हणते, "भात वाढाया बरा."

वर काळी, खाली पांढर.
मला हे शिकवलं पुण्यात, पंख्याखाली, स्लाइड दाखवून.
तिला येतच होतं:
पांढर म्हणजे जिथं माणसं राहिली.
राख, शेण, चूल, भांडणं, बाळंतपणं
सगळं मुरलं की माती अशी फिकट होते.
गावाने गाड्या भरभरून नेली ती, धाब्यावर घालायला.
तिच्या सासऱ्यानेही.
म्हणजे साडेतीन हजार वर्षांखाली
ती नांदायला आली.

आज काही सापडत नाही.
दहापर्यंत खापरं सत्तावीस,
गारगोटीचं एक मोडकं पातं,
जळक्या बोराच्या बिया,
आणि शंखाचा मणी, जो शेवटी गोगलगाय निघाला.
सर येतात, काठावर उभे राहतात,
"बाल्क सरळ ठेवा" एवढं म्हणून जातात.
बाल्क म्हणजे दोन खड्ड्यांमधली न खणलेली भिंत.
न खणलेलं सरळ ठेवायचं,
ही आमची अर्धी विद्या.

साडेअकराला तिचं खुरपं थांबतं.
आवाज बदलला, म्हणते.
मला आवाजच ऐकू आला नव्हता.
ब्रश. फुंकर. पुन्हा ब्रश.
वीतभर जमीन. सारवलेली.
तिच्यावर बोटांच्या कमानी, एकीवर एक,
वाळून, जळून, दबून, तशाच.

मी पट्टी ठेवते, उत्तरेचा बाण ठेवते,
रंगपट्टीशी माती जुळवते.
इर्शाद फोटो काढतो, मी छत्री धरते,
सावली सगळीकडे सारखी पडायला हवी.
लिहिते: स्तर चार. लेप. जाडी दीड सेंटिमीटर.

ठकूबाई वहीकडे बघत नाही.
त्या जमिनीसमोर उकिडवी बसते,
उजवा हात फिरवते, वरच्यावर, न टेकवता.
अंहं.
मग डावा.
आणि कमानी तिच्या बोटांखालून
बरोबर धावायला लागतात.

"डावरी व्हती," म्हणते.
पाणी पिते. तांब्या खाली ठेवते.
"आन् सारवत सारवत मागं सरत गेलीया.
म्हंजी दार तकडं."
ती बाल्ककडे बोट दाखवते.

दार बाल्कमध्ये आहे.
बाल्क खणता येत नाही.
वहीत रकाने आहेत: खोली, रंग, पोत, ओल.
डाव्या हाताला रकाना नाही.
मी समासात लिहिते, बारीक, पेन्सिलीने,
कोणी विचारलंच
तर पुसता येईल असं.

साडेचारला प्लास्टिक अंथरायचं, कडेला दगड.
मजुरीच्या वहीत ठकूबाई अंगठा उठवते.
डावा. सगळ्यांचा डावाच घेतात.
शाईत तिच्याही कमानी, एकीवर एक,
शेजारी मी तारीख घालते.

जीपकडे जायची वाट बाल्कवरूनच आहे.
पंधरा दिवस आम्ही सगळे तिथूनच ये-जा करतोय,
घमेली घेऊन, चहाचे पेले घेऊन.
आज ती मध्येच थांबते,
लुगडं सावरून
त्या हातभर जागेवरून लांब ढांग टाकते.
मी बघतेय हे तिला कळतं.
"उंबऱ्यावर पाय देऊ न्हाई," म्हणते,
आणि चालायला लागते.