नळीचं दुसरं टोक

मे महिन्यात हे काम पहाटे पाचलाच.
आठनंतर सदरच्या या पोर्चमध्ये
फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळायला लागतं,
मग इंजिन जे सांगेल ते खरं धरायचं नाही,
असं लहानू निमजे म्हणतात. माझे मामा.
ऊन यायच्या आत बॉनेट उघडतात.

सदुसष्टची एमजी. हिरवी. दोनच सीटा.
आत दोन कार्बुरेटर, खांद्याला खांदा लावून,
चार सिलिंडरांना हवा वाटून देणारे.
एकानं जास्त ओढली की दुसरा रुसतो
आणि गाडी उभ्या जागी लंगडते.

मामांनी जोडदांडीचा स्क्रू ढिला केला,
दोघांना एकमेकांपासून सोडवलं.
मग खिशातून नळी काढली,
हातभर रबराची, दवाखान्यातली असावी.
एक टोक कानात, एक पुढच्याच्या तोंडाशी.
सूंऽऽ.
मग मागच्याच्या.
सूंऽऽ, पण जरा जाड.

कान उजवाच.
डावा गोळीबार चौकात राहिला,
एका खोलीत दोन माग, एक आईचा, एक काकाचा,
मधे सतरंजीवर हे.
धागा तुटायच्या आधी खटक्यात फरक पडायचा,
झोपेतच सांगायचे, काका, तुमचा.
पुढे माग किलोवर गेले.
जो कान उरला तो गॅरेजात आला.

"ऐकून राहिली ना वं?"
मला ऐकू येत होती बेल्टची कुरकुर,
टॅपेट,
कामठी रोडला लागणारा एक ट्रक.
माझ्याकडे आयटीआयचा कागद आहे,
उसनं आणलेलं गेज आहे.
ते पिशवीतून काढलंच नाही.

मामांनी पिस्टन केसभर उचलला.
इंजिन दचकलं, जरासं चढलं,
परत आपल्या जागी येऊन बसलं.
"बस. चढतच गेलं तं जास्त जेवलेलं,
मेलं तं उपाशी."
प्लग काढून दाखवला,
भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलपटाचा रंग.
मडगार्डवरच्या ग्लासात चहावर सुरकुतीही नव्हती.

खोर्शेदबाई वेताच्या खुर्चीत, गाडीकडे पाठ करून.
फार छान, म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळानं,
"पण वास नाही आला."

आम्ही दोघं थांबलो.

"डॉक्टर यायचे तर फाटकाच्या आधी पेट्रोल यायचं.
पडद्यांना, उशीला, कॉलरला.
चाळीस वर्षं मी त्या वासाशी भांडले."

कूलरचा पंप टपटपत होता.
मामांनी पाना उचलला,
पुढचा नट अर्धा पैलू खाली,
मागचा नट अर्धा पैलू खाली,
पुन्हा नळी कानाला, पुन्हा दोन्ही तोंडं,
चूक करतानासुद्धा दोघांत फरक नको म्हणून.

मी हळूच म्हटलं, मामा, प्लग काळे पडतील.
महिन्याभरात मिसफायर.
"मंग महिन्याला येजो. साफ करून देजो."

धूर निघाला, उग्र, जाळीच्या दारातून आत गेला.
बाईंनी रुमाल नाकापर्यंत नेला
आणि तिथेच धरून ठेवला.

पाचशे ठरले होते, त्यांनी सहाशे दिले.
मामांनी शंभर परत केले, सुट्टे नाहीत म्हणून
खोटं सांगून आधी तीनदा खिसे चाचपले.

परतताना स्कूटरवर मी मागे.
नळी माझ्या हातात होती.
एलआयसी चौकात सिग्नल लागला, मामांनी गाडी बंद केली,
तेलाचे पैसे वाचतात.
एक टोक कानात घातलं.
दुसरं कुठे धरावं कळेना,
मग त्यांच्या पाठीला लावलं, सदऱ्याच्या शिवणीजवळ.
आधी काही नाही.
मग एका बाजूनं, सूंऽऽ.
दुसऱ्या बाजूनं जरा जाड.

मामांनी मागे पाहिलं नाही.
नव्वद सेकंदांचा सिग्नल आहे तो.