इसाले

किलिमांजारोच्या या उतारावर मोजणीला
पूर्वी दोन कोरडे हंगाम लागायचे.
आज ड्रोन उडालं, चहा निवायच्या आत
नकाशा तयार: दोनशे बारा तुकडे,
प्रत्येक रेघेला खात्रीचा टक्का.

फक्त आयकाएली आणि एलिफुराहा
एकाच तुकड्यात.
वरून केळीत केळ मिसळलेली.
यंत्र म्हणालं, एकच घर. खात्री एक्याण्णव.

नऊ वर्षं बोलत नाहीत ती दोघं.

टेप घेऊन मी पानांखाली शिरलो,
त्या हिरव्या अंधारात.
हद्दीवरची इसालेची झुडपं होती तिथंच,
दोघांच्या आजोबांनी लावलेली.
तीन मात्र नवी. भोवतीची मातीही.
बांध कुणी कोरला, मी विचारलं नाही.

स्क्रीन दाखवली.
आयकाएली बघत राहिली, मग म्हणाली,
"लग्न लावलं की काय यानं आमचं?"
एलिफुराहा खोकला. हसलाच असावा.

मग त्यानं इसालेचं एक पान तोडलं,
गाठ मारली (इथं माफी अशीच मागतात)
आणि तिच्याकडे न बघता पुढे धरलं.
मला म्हणाला,
"दीड हात सरकव. माझ्या बाजूला."

रेघ मी हातानं ओढली.
यंत्रानं विचारलं, आधार?
बराच वेळ तो रकाना
लुकलुकत राहिला.