मुक्काम मेम्फिस

रात्री अकरानंतर आमचं शहर उजाडतं.
आर्कान्साच्या बाजूनं दिव्यांची माळ
एकेक मणी खाली सोडत येते, विमानं टेकतात,
आणि मी, व्हर्लीन टॉलिव्हर, वय सत्तावन्न, डावा गुडघा दुखरा,
पट्ट्याच्या तिसऱ्या वळणावर उभी असते.
खोकं येतं, खोकं वळतं, खोकं गेलं.
बोस्टनहून निघून डेन्व्हरला जाणारंसुद्धा
माझ्या हाताखालून जातं.
असा आडवा घास शहाणा माणूस घेत नाही, पण धंदा घेतो.

नदीला विचारा. म्हणेल, यात नवं काय?

माझ्या पणज्याचा बाप सीफस
दगडगोट्यांच्या उतरत्या धक्क्यावर
कापसाच्या गाठी लोटायचा, पाच-पाचशे पौंडांच्या.
गाठ सुटली तर माणूस पाण्यात,
वहीत मात्र नोंद गाठीची.
त्याच्याही आधी माणसांचाच बाजार भरे;
कापूस चढला की माणूस चढे,
दोन्ही भाव एकाच शाईनं लिहिलेले.

मग पिवळा ताप आला. तोही बोटीनंच.
तिकिटाचे पैसे असलेले रातोरात गेले.
आमच्याकडे नव्हते. आम्ही मढी उचलली.
शहर इतकं बुडालं की सरकारनं त्याचं शहरपण काढून घेतलं,
कागदावर मेम्फिस उरलं नाही,
पण धक्क्यावर बोटी लागायच्या त्या लागतच होत्या.

पूल झाला. आगगाड्या आल्या.
खेचरांचा बाजार भरला आणि उठला.
माझी आजी ओझेला फ्रंट स्ट्रीटवर
कापूस-दलालांच्या माडीवर झाडू मारायची.
पारखी लोक गाठीतून चिमूट उपसत,
दोन अंगठ्यांमध्ये तंतू ताणून बघत,
आणि बघून झालं की जमिनीवर टाकत.
त्या टाकलेल्या चिमटींवर
आमच्या घरातल्या चार उशा भरल्या.
आजी म्हणायची, अगं, इथून सगळं जातं.
जाताना सांडतं तेवढंच आपलं.

मागच्या जानेवारीत धुकं पडलं.
नदीवरून आलं, धावपट्टीवर बसलं, उठेचना.
विमानं वर घिरट्या घालून नॅशव्हिलला गेली.
दीड वाजता पट्टा थांबला.
एकवीस वर्षांत मी तो आवाज थांबलेला ऐकला नव्हता.
कान आधी दुखले. मग ऐकू यायला लागलं:
मुकादम डेलरॉयच्या खिशातल्या किल्ल्या,
छतावरून ठिबकणारं पाणी,
आणि माझ्यासमोरच्या खोक्यातून एक बारीक गुणगुण.

जाळीची भोकं होती. वर लिहिलेलं: जिवंत राणीमाश्या.
जॉर्जियाहून निघालेल्या, ओरेगॉनच्या बागांना जायच्या.
हातमोजा काढून मी तळवा टेकवला.
खोकं कोमट होतं.
डेलरॉय म्हणाला, हात नको लावूस, कॅमेरा आहे.
आणि मग त्यानंच वाकून कान लावला.

बायांनो, मी त्यांना म्हटलं, बसा जरा.
या गावात कोणी बसत नाही.
कापूस बसला नाही, लाकूड बसलं नाही,
माझा पोरगासुद्धा डॅलसला गेला, ट्रक चालवतो,
महिन्यातून एकदा पुलावरून जाताना हॉर्न देतो,
निदान तो तसं म्हणतो.

एक तास दहा मिनिटं त्या मेम्फिसमध्ये राहिल्या.
पगार त्या तासाचा कापला. ते वेगळं.

धुकं विरलं, पट्ट्यानं झटका दिला,
खोकं वळलं.

पहाटे पाचला घरी आले, बूट काढले.
कुठल्याशा फाटक्या पार्सलातून
मोज्याला एक पांढरा धागा चिकटून आलेला.
दोन अंगठ्यांमध्ये धरला, ताणला.
लांब तंतूचा आहे. चांगला माल.
कोणी शिकवलं नव्हतं मला.