फाटक

रूळ कधीच गेले भंगारात.
उरली ती खडी, आणि चढ
इतका बेताचा की फक्त मांड्यांना कळतो.

एलुनेड पुढे, नातू योलो मागे.
जाड टायरांखाली फुटाण्यांसारखं
कुडुमकुडुम.
बीचची ओली पानं चेनला चिकटलेली.

बोगद्यात ती दिवा लावायचा विसरते.
थेंब, थेंब,
आणि योलोचं, "आजी, आहेस ना?"

बाहेर फाटक. म्हणजे शेवाळलेला एक खांब.
इथे तिचे वडील हिरवं निशाण धरून उभे राहायचे
आणि सहा वर्षांची ती गजांमागे,
गाडी जाईपर्यंत.

आज आडव्या रस्त्यावर
प्रॉसरचा ट्रक थांबलाय, मेंढ्यांनी भरलेला.
एलुनेड घंटी वाजवते, दोनदा.
ब्रेक लावत नाही.

मागून योलो, धापा टाकत,
गार्डाच्या डब्यासारखा.