बारा मिनिटं

अनुग्रहाचा आवाज आला, सहा मिनिटं चाळीस सेकंदांचा.
पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून मी तो ऐकला, दोनदा.
दुसऱ्यांदा जुन्या ड्युटी-वहीच्या मागच्या पानावर
उतरून घेत.

मंगळवार, कारण तेव्हा गर्दी नसते.
आठ दहाची ट्राम.
दोन टॉवेल, एक अंगाला, एक बुडाखाली,
घामाचा थेंब लाकडावर पडता कामा नये.
स्लिपर. पाण्याची बाटली, काचेची नको.
मनगटात पट्टा बांधतील, त्यावर नंबर.

इथे पेन थांबलं.
मनगटाला नंबर मी बांधत आले, एकतीस वर्षं,
आलेल्यांच्या आणि गेलेल्यांच्या.

आधी कोमट खारं पाणी, पाठीवर पडून तरंगायचं.
मग लाकडाची खोली, नव्वद डिग्री, बारा मिनिटं,
भिंतीवर वाळूचं घड्याळ असतं, आई, ते उलटं करायचं.
मग गार पाण्याची बादली डोक्यावरून.
मग झोपायचं.
नुसतंच? हो, त्याची वेगळी खोली आहे,
तिथे बोलायचं नाही.

आणि शेवटी, घसा खाकरून :
आत कपडे चालत नाहीत. कुणाचेच. बाया-बापे एकत्र.
कुणी बघत नाही, आई. विचार करून सांग.

विचार कसला करायचा?
नव्वदचं मला काय सांगतेस?
ऑटोक्लेव्ह माझ्या हाताखाली होता,
एकशे एकवीस, पंधरा पौंड, वीस मिनिटं.
झाकण उघडलं की सगळे मागे सरायचे,
मी नाही.
आणि उघडी अंगं?
अर्ध्या मिरजेला मी स्पंज दिलाय.
तासगावचा पैलवान, तंबाखूचा व्यापारी, एक प्राचार्य,
टेबलावर सगळे सारखे, गुडघे जवळ घेतात
आणि छताकडे बघतात.
मी हिरवी चादर ओढायची,
लागेल तेवढीच चौकट उघडी.
नोकरी म्हणजे तीच तर होती,
झाकणं.

माझं स्वतःचं म्हणाल तर
परकर छातीशी बांधून आंघोळ करायची आमची आई,
तिचीच मी.
घरात आरसा एकच, बेसिनवरचा, हनुवटीपर्यंतचा.
सॅम्युअल होते तेव्हाही आधी दिवा.

काल रात्री तालीम केली.
बंब पेटवला, कढत पाणी मोरीत ओतलं, दार लावलं.
पाटावर सोलापुरी टॉवेल, टॉवेलवर मी,
टायमर बारावर.
तिसऱ्या मिनिटाला हात आपोआप
टॉवेलचं टोक शोधायला लागला.
त्याला म्हटलं, सिस्टर, थांबा.
पाचव्याला खाली बघितलं.
बेंबीखाली उभा व्रण, जरासा वाकडा,
डॉक्टर घाईत होते.
अकरा टाके. शुद्धीवर आल्यावर मीच मोजले होते,
सवयीनं, केस संपल्यावर गॉज मोजावेत तसे.
तिथून अनुग्रहा आली, अडीच किलो.
एकोणचाळीस वर्षं झाली बाहेर येऊन,
दार तिनं अजून पाहिलेलं नाही.

खिडकीला चिकटवलेला पेपर एका कोपऱ्यात फाटलाय.
त्यातून सतारमेकरांची गच्ची दिसते.
भोपळे वाळत घातलेत,
कुणी एका अंगाला फुगलेला, कुणाच्या बुडाशी डाग,
चांदण्यात पडलेत आपले.
त्यांच्यावर कुणी फडकं टाकत नाही.

टायमर वाजला.
लगेच उठले नाही मी.
मग तांब्याभर गार पाणी घेतलं
आणि किंचाळले, एवढ्यांदा,
की खालून चौगुले वहिनींनी विचारलं, झुरळ का हो?

सकाळी टाईप केलं, एका बोटानं :
मंगळवार चालेल. टॉवेल मी इथूनच आणते,
तिकडचे महाग.
आत गेल्यावर बाकीच्यांनी नाही बघितलं तरी चालेल,
तू बघ.

पाठवून झालं
आणि आठवलं,
ट्रामला सुट्टे लागतात का
ते विचारायचं राहिलंच.