साटंलोटं

साटंलोटं म्हणजे
तुमची मुलगी आम्हाला, आमची तुम्हाला.
इंदूरच्या त्या हॉस्पिटलात
एका सकाळी चार टेबलांवर झालं ते वेगळं :
सुहासची किडनी शब्बीरभाईंना,
मुनीराची मला.
रक्तगट जुळत होते, पत्रिका कुणी मागितली नाही.
समितीतल्या साहेबांनी तेवढं विचारलं,
पैसे तर दिले-घेतले नाहीत ना?
मुनीरा म्हणाली, "साब, सियागंज में दुकान है हमारी,
मुफ़्त में तो हम रस्सी भी नहीं देते."
साहेब हसले, सही केली.

तेव्हापासून नऊला गोळ्या, सकाळच्या नऊला आणि रात्रीच्या.
अंगातले पहारेकरी झोपवायचे,
म्हणजे ते मुनीरेच्या किडनीला विचारत नाहीत
कोण तू, कुठून आलीस, कुणाची.
दीड वर्ष झोपले बिचारे.
मी लोणचं सोडलं. पापड सोडले.
इंदुरात राहून शेव सोडली,
हे ज्याला कळायचं त्याला कळेल.

एकवीसच्या एप्रिलात ताप आला.
मुक्तिधामाकडचा धूर तेव्हा सकाळीही थांबत नव्हता.
डॉक्टर फोनवर : ती एक गोळी बंद, दुसरी अर्धी.
पहारेकरी जरा उठवू या.
जरा म्हणजे किती?
"तेच तर," म्हणाले.

त्या तेच-तरवर मी नऊ दिवस काढले.
बोटाला चिमटा. एक्क्याण्णव, नव्वद, पुन्हा एक्क्याण्णव.
ओटीपोटावर उजवीकडे तळहात ठेवून
अर्धवट झोपेतून उठलेल्या त्या शिपायांना समजावत राहिले
की चोर वर आहे, छातीत शिरलाय.
ही खालची घरातली आहे,
हिच्या अंगाला हात लावू नका.

शब्बीरभाईंचे उठलेच नाहीत.
किंवा उशिरा उठले. डॉक्टरांनी दोन्ही सांगितलं.
बाराव्या दिवशी गेले.
कब्रस्तानात चार माणसं, चौघांची तोंडं झाकलेली,
आणि खाली, प्लॅस्टिकच्या आत, शब्बीरभाईंच्या आत,
सुहासची ती.

सुहास अंगणातल्या नळाशी उभा होता,
सदरा वर करून डाव्या कुशीतला व्रण बघत.
मग दाराबाहेरूनच मला विचारलं,
"याचं सुतक किती दिवसांचं गं?"
मी काय सांगणार.
भावाचं दहा, मामाचं तीन,
स्वतःच्याच एका तुकड्याचं कुठल्या पंचांगात असतं?
गुरुजींना विचारावं तर ते ऑक्सिजनवर.
त्याने दहा दिवस दाढी केली नाही.
तशी त्या दिवसांत कुणीच करत नव्हतं.
पण मी मोजले होते.

मुनीरा इद्दतीत बसली, चार महिने दहा दिवस.
मी वाचले, पण खोलीबाहेर पडायची मला भीती वाटे.
तिचा फोन यायचा. नवऱ्याबद्दल एक अक्षर नाही.
"वो कैसी है?"
क्रिएटिनिन एक पॉइंट सहा.
"पहले कितना था?"
एक पॉइंट दोन.
बराच वेळ नुसता तिच्याकडचा पंखा ऐकू यायचा.
मग, "उसको बोलना, मेरी नाक मत कटाना."

सप्टेंबरात आम्ही गेलो. खिडकीपाशी थाळ मांडलेला,
एका थाळाभोवती आम्ही तिघं.
त्यांच्यात पहिल्या घासाआधी मिठाची चिमूट जिभेवर ठेवतात.
वाटी माझ्यापाशी आली आणि तिचा हात थबकला.
एक कण चालतो, मी म्हटलं. चालतो की नाही देव जाणे.
खाल्ल्या मिठाला जागायचं असतं,
हे तिला हिंदीत कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते
तेवढ्यात सुहासच्या खिशात नऊचा गजर झाला.

पहारेकऱ्यांना पुन्हा झोपवायची वेळ.
पाणी मुनीराने दिलं.